खारेपाटातले चार दिवस: जे पाणी सातबाऱ्यावर नाही

गेल्या आठवड्यात पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातजमिनीच्या पट्ट्यात, चार दिवस काढले, कामासाठीच, पण परत आल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. माझं काम म्हणजे एखादी जमीन डेव्हलप व्हायच्या आधी तिथले ओहोळ, तळी, दलदल, खाडी, त्यातलं जिवंत काय आहे ते बघायचं, मोजायचं आणि लिहून द्यायचं. गावाचं नाव देत नाही आणि जागा कुणी घेतली तेही नाही, काम अजून चालू आहे. पण रायगडातल्या लोकांना वाचताना कळेलच की असं गाव एक नाही, पन्नास आहेत. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यात उरण-पनवेल-पेणमधली १२४ गावं मिळून नवीन शहर करायचं नोटिफिकेशन येऊन गेलं, त्यामुळे इकडे सध्या चहाच्या टपरीवर सुद्धा गुंठ्याच्या भावाशिवाय दुसरा विषय नाही.

निघायच्या आदल्या रात्री सगळे कागद मांडून बसले. गाव नकाशा, सातबारे, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट आणि लॅपटॉपवर गुगल अर्थ. टोपोशीटवर खाडीच्या फाट्यांचं जाळं हाताच्या शिरांसारखं पसरलेलं दिसतं, गाव नकाशात त्यातल्या दोनच शिरा उरतात आणि सातबाऱ्यावर तर एकही नाही, तिथे फक्त "पोटखराब" असा शब्द आणि समोर क्षेत्र. पोटखराब म्हणजे पिकाला उपयोगी नाही अशी जमीन. शेतसाऱ्याच्या हिशोबासाठी केलेली ती नोंद, पण आज जमीन घेणारा ती वाचतो तेव्हा त्याला वाटतं इथे काहीच नाही, भराव टाकला की झालं. माझं निम्मं काम या एका शब्दाशी असतं.

पहिला दिवस, त्रयोदशी

सकाळी पेण स्टँडला उतरलो, मी आणि माझा ज्युनिअर, तो वनस्पतीवाला. गणपतीच्या कारखान्यांत आत्ताच कच्च्या मूर्तींच्या रांगा लागल्यात. पोहे खाऊन रिक्षाने गावात. ज्या काकांनी बांध दाखवायचं कबूल केलं होतं ते घराबाहेर तयारच उभे होते, सत्तरीचे असतील, पायात काही नाही. मी घड्याळ बघून म्हटलं की काका भरती कधी आहे, मोबाइलवर बघते थांबा, तर ते म्हणाले, "तेरस हाय ना आज, मंग पावणेधा." तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते, तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. किनाऱ्याची ही वेळ, आत खाडीत पाणी चढायला अजून थोडं उशिरा, पण ते त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

बांधावरून चालत उघाडीपर्यंत गेलो. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण अख्ख्या खारेपाटाचा जीव या एका गोष्टीत आहे. खाडीच्या बाजूला मातीचा मोठा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्यात जागोजागी दगडी किंवा सिमेंटचं दार, ती उघाडी. दाराच्या झडपा फक्त बाहेरच्या बाजूला उघडतात. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबतं आणि ती घट्ट बसते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की बाहेरची पातळी उतरते, आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर ना माणूस, दिवसातून दोनदा आपोआप. आम्ही पोचलो तेव्हा भरती पूर्ण होती आणि झडपेच्या फटीतून एक बारीक धार आत येत होती, त्या धारेच्या तोंडाशी माशांची नखाएवढी पोरं, बोईटाची असावीत, दाटीवाटीने उभी, डोकी सगळ्यांची एका दिशेला. दाराला गॅप राहिली की शेतकऱ्याचं नुकसान, हे खरंच आहे, पण त्या गॅपमधूनच आतल्या खाचांमध्ये जिताडा, कोळंबी, बोईट जातं, आणि खारेपाटात ज्याच्या शेतात जिताड्याचं तळं तो श्रीमंत हेही तितकंच खरं.

रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्राच्या, काचेवर बाहेरच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, हजारात ३१ भाग मीठ दाखवलं. आतलं पाणी, दहा पावलांवर, १२. बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं, आणि दोन्ही जगातली झाडं पण वेगळी, बाहेर तिवर, म्हणजे खारफुटी, त्याच्या मागे मारांडीची काटेरी हिरवी झुडपं, आत काळा राता, भुरा राता असले खारं पाणी सोसणारे जुने भात लावायचे असं काका म्हणाले, आता बहुतेक पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे वाण असतात.

परत येताना काकांना विचारलं की आतल्या ओहोळात मासे कुठून कुठपर्यंत जातात. ते थांबले. "ताय, तुमी आता बगता ते काय नाय. आता पानीच नाय. वलगनीला या." एवढं बोलून चालायला लागले. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि चारही दिवस ते माझ्या मागे लागलं.

दुसरा दिवस, चतुर्दशी

खाडी सोडून आज वर, डोंगराच्या बाजूला. ज्या जमिनीचा प्रश्न आहे तिच्यातून एक वहाळ जातो, तो वरच्या टेकडीतून निघून, दोन पाड्यांजवळून येऊन, भातखाचरांत पसरून उघाडीला मिळतो. जागेच्या नकाशात तो निळी रेघ म्हणून फक्त हद्दीच्या आत काढला होता, जणू काही वरच्या हद्दीवर तो जन्मला आणि खालच्या हद्दीवर संपला. म्हणून आधी त्याचा उगम ते तोंड चालायचं ठरवलं.

जानेवारी संपलाय, तर वर पाणी वाहत नव्हतं, फक्त कोंडी उरल्या होत्या, खडकाच्या बेचक्यात. पहिल्या कोंडीत जाळी धरून पायाने तळाचे दगड हलवले, दीड मिनिट, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. हा माझा सगळ्यात आवडता क्षण असतो. आधी नुसता कचरा आणि पाला दिसतो, मग पाणी निवळतं आणि पाला हलायला लागतो. मेफ्लायची पिल्लं, शेपटीला तीन दोऱ्या असतात ती. चतुराची अळी, जाड, सगळ्यांना खाणारी. आणि एक अगदी बारीक वाळूच्या कणांची नळी, तांदळाच्या दाण्याएवढी, ती स्वतःहून चालायला लागली. कॅडिसफ्लायची अळी, ती अंगाभोवती कण चिकटवून घर बांधते. ही तिन्ही जिथे सापडतात तिथे पाण्यात प्राणवायू चांगला आणि घाण कमी हे मीटर न लावता कळतं. आणि मीटर फक्त त्या घडीचं सांगतो, अळी तिथे कित्येक आठवडे जगलेली असते, म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास.

खाली, पहिल्या ढाब्याच्या मागे, तोच वहाळ, तीच जाळी, ट्रेमध्ये नुसत्या लाल अळ्या. या लाल असतात कारण त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जवळपास नसलेल्या चिखलात पण तगून राहतात. दीड किलोमीटरचं अंतर. मला सांगायचंय ते हे की वहाळ खराब झालाय म्हणून तो बुजवायला हरकत नाही हा जो युक्तिवाद दर मीटिंगमध्ये येतो तो उलटा आहे, वर अजून जिवंत बी-बियाणं आहे, मधला सांडपाण्याचा एक पाइप बंद केला तर खालचं सुधारू शकतं. वरचा ट्रे बघितला नसता तर मीच "प्रदूषित नाला" असं लिहून मोकळी झाले असते.

मग मोऱ्या मोजल्या. वहाळावरून तीन रस्ते जातात, तीन मोऱ्या. पहिली जुनी, दगडी, तळाला नैसर्गिक गोटे, तिला काही झालेलं नाही. दुसरी स्लॅबची. तिसरी नवीन, सिमेंटचा गोल पाइप, आणि त्याचं खालचं तोंड वहाळाच्या तळापासून हातभर वर लटकलेलं, खाली पाणी पडून पडून खड्डा झालेला. टेपने मोजलं, ४६ सेंटिमीटर. ज्युनिअर म्हणाला मॅडम पाणी तर जातंय ना. पाणी जातंय, पण खालून वर कोण येणार. तेव्हा काकांची वलगण डोक्यात लख्ख झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांना: मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की नदी-ओहोळातले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, शेतात, खाचरात, अगदी बांधावरून उड्या मारत. त्याला वलगण म्हणतात. दोन-चार रात्रींचा खेळ. वर्षभराची पैदास त्यावर. आणि तो ४६ सेंटिमीटरचा पाइप तीन बोटं लांबीच्या माशासाठी भिंत आहे.

इथे मला नियमांबद्दल बोलायचंच आहे. २००६ च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या, अधिसूचनेखाली बेसलाइन डेटा, म्हणजे कामाच्या आधीची स्थिती, साधारण एका हंगामाचा घेतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. धूळ, हवा, आवाज यांच्यासाठी ते समजू शकते. पण कोकणातल्या पाण्याचा अभ्यास पावसाळा सोडून करायचा म्हणजे लग्नघरी जाऊन लग्नाचा दिवस सोडून बाकी दिवस मोजायचे. माझ्या करारातही डिसेंबर ते फेब्रुवारी असंच लिहिलंय. मी सही केली तेव्हा मला माहीत होतं, म्हणून जास्त लागतं मनाला.

तिसरा दिवस, माघी पौर्णिमा

पहाटे साडेचारला उठलो. उधाणाची भरती म्हणजे ओहोटी पण तितकीच खोल, चिखल सगळ्यात लांबवर उघडा पडतो. टॉर्च घेऊन बाहेरकाठ्यावरून उतरलो. चांदणं एवढं होतं की टॉर्च नंतर बंदच केला.

आधी आतल्या तळ्यावर मीटर लावला, दिवस उगवायच्या आत. प्राणवायू लिटरला १.९ मिलिग्रॅम. त्याच तळ्यावर काल दुपारी तीनला ८ च्या वर होता. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो खातात, त्यामुळे खरी परीक्षा पहाटेची. लॅबवाला माणूस अकरा वाजता येऊन एक बाटली भरून नेतो आणि रिपोर्टमध्ये तळं ठणठणीत दिसतं, म्हणून मी पहाटेच्या रीडिंगसाठी हट्ट धरते.

मग चिखल. गावातल्या चार बायका निवट्या पकडायला आल्या होत्या, कमरेला टोपली. निवटी म्हणजे तो डोळे वर असलेला मासा जो चिखलावर चालतो, पेणच्या बाजारात विकतात. त्यांच्यातली एक मावशी बिळात कोपरापर्यंत हात घालते, डोळे मिटून, आणि दुसऱ्या हाताने शेजारचं भोक बंद करते, कारण बिळाला दोन तोंडं असतात. पाच मिनिटांत सहा. मी बाजूला चौकट टाकून बिळं मोजत होते, एक चौरस मीटरमध्ये किती, आणि मावशी म्हणाली की त्यातली कुर्लीची पण आहेत, ती बघ ज्याच्या तोंडाला मातीच्या गोळ्या आहेत ती खेकड्याची, गुळगुळीत तोंडाची निवटीची. माझी पहिल्या तीन चौकटींची मोजणी चुकली होती, पुसून परत केली. तिसऱ्या चौकटीला जाताना मी मांडीपर्यंत रुतले, जेवढा पाय ओढावा तेवढा आत, तेव्हा तीच मावशी ओरडली की उभी राहू नको, आडवी हो, आडवी. चिखलावर पोटावर झोपले आणि पाय सुटला. वजन पसरलं की चिखल धरत नाही, हे तिच्याकडून शिकले आणि आता ज्युनिअर लोकांना पहिल्या दिवशीच सांगणार आहे.

साडेसहानंतर पक्षी दिसायला लागले. पाणटिवळे, शेकाटे, टिलवे, तुतवार, आणि वाकड्या लांब चोचीचे कोरल, तेही सात. सगळे उघड्या चिखलावर खात होते, आम्ही मोजले, ६४०. बरं वाटलं. पण खरी गोष्ट त्यानंतरची. नऊनंतर भरती चढायला लागली, चिखलाची पट्टी अरुंद होत गेली, पक्षी सरकत सरकत बांधाजवळ आले आणि मग अकराच्या सुमारास एकदम उठले, सगळे, डोक्यावरून पंखांचा तो सूं आवाज गेला आणि ते कुठे बसले तर बांधाच्या आत, सोडून दिलेल्या मिठागरात आणि पडीक खाचरात, म्हणजे बरोबर त्याच गटांमध्ये जिथे भराव टाकायचा आहे. एका पायावर, चोच पाठीत खुपसून, भरती उतरेपर्यंत. दुर्बीण लावून पुन्हा मोजले तर ५९०. तेच पक्षी.

म्हणजे जेवायचं ताट खाडीत आणि झोपायची खोली सातबाऱ्यावरच्या पोटखराबात. एक ठेवून दुसरी घेतली तर पहिलीचा उपयोग उरत नाही. उरणच्या पाणजेच्या पाणथळीला, नवी मुंबईत डीपीएस शाळेजवळच्या तळ्याला हेच नातं आहे, भरतीच्या वेळी टेकायची जागा, आणि डीपीएसला भरतीचं पाणी आत यायची वाट बंद झाली तेव्हा २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेलेले सगळ्यांनी टीव्हीवर बघितले. ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं याचा मला खूप आनंद आहे, पण पक्षी यादीची हद्द बघून उडत नाहीत.

आणि कायदा कुठे आहे तर सांगते. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम नदीचं पात्र, भातशेती, मिठागरं, मत्स्यशेतीची तळी, पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, हे सगळं व्याख्येतून वगळतात. खारेपाट म्हणजे दुसरं काय आहे? भातशेती, मिठागर, मत्स्यतळी. इस्रोच्या ॲटलासमध्ये देशातल्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागा मोजल्या होत्या, त्याहून लहान तळी नकाशात नुसते ठिपके. तिवरांना त्यामानाने आधार आहे, उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तोड बंद आणि भोवती ५० मीटरचा बफर, म्हणजे मोकळा ठेवायचा पट्टा. पण तिवर संपून उघडी मीठमाती सुरू झाली की तो आधार विरळ होतो, आणि माझे ५९० पक्षी बसले होते ते त्या विरळ भागात.

चौथा दिवस, प्रतिपदा

२ फेब्रुवारी. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून हा जागतिक पाणथळ दिन. योगायोगाने माझा शेवटचा दिवस.

सकाळी राहिलेली झाडांची यादी आणि मातीचे नमुने उरकले, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. संध्याकाळी देवळात गाव बसलं. टाउनशिप आणि बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे गावाला विचारायची सक्तीच नाही, म्हणून मी जिथे जाते तिथे निदान आपलं आपण विचारून घेते. मी मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि स्केच पेन दिले. पहिली पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही, सगळा वेळ भाव किती मिळणार यावरच, आणि त्यात चूक काही नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की दुरुस्तीला वर्षानुवर्षं लागतात, खारं पाणी शिरलेल्या शेतात दोन-तीन हंगाम काही पिकत नाही. जमीन विकणाऱ्याला नावं ठेवायला मी तिथे गेले नव्हते. याच तालुक्यात २००८ मध्ये सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, हवं की नको यावर २२ गावांत मतदान झालं होतं, तेव्हा नको म्हणणारे काही जण समोर बसले होते आणि आज त्यांच्यातच दोन मतं आहेत.

मग एका आजीने पेन घेतला आणि देवळाच्या मागे एक रेघ मारली. २६ जुलैला पाणी इथपर्यंत. २००५ चं. दुसऱ्याने ती रेघ पुढे नेली, मग तिसऱ्याने, तासाभरात नकाशावर अख्खं पुराचं पाणी उमटलं, कुठून शिरलं, कुठे थांबलं, कुठल्या उघाडीतून उतरलं. ते थांबलं होतं त्याच पोटखराबात. ती जमीन तीन मीटर उचलली तर तेवढं पाणी जाणार कुठे, हे मला बोलावंच लागलं नाही, नकाशा बघत सगळे गप्प झाले आणि मागून कोणीतरी म्हटलं, "मंग देवलान् येल."

त्या नकाशाचा मी फोटो काढलाय, रिपोर्टला जसाच्या तसा जोडणार आहे, स्केच पेनच्या रेघांसकट.

परत आल्यावर

रिपोर्टचा कच्चा मसुदा काल पाठवला. नकाशावरच्या ठिपक्याभोवती गोल बफर काढायची पद्धत सोडून वहाळाच्या दोन्ही काठांनी, टेकडीपासून उघाडीपर्यंत, सलग पट्टा मागितलाय. मिठागराचा गट भरावातून वगळा असं लिहिलंय, दोन्ही मोजण्यांच्या वेळा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून. तिसऱ्या मोरीचा पाइप काढून स्लॅबची मोरी, तळ नैसर्गिक. आणि शेवटी, दुसरी फेरी जूनमध्ये, पहिल्या पावसाला. त्यावर लगेच फोन आला की करारात नाही, वेळापत्रक बदलतं, खर्च कोण देणार. मी सांगितलं की ही फेरी झाल्याशिवाय "माशांच्या स्थलांतरावर परिणाम नाही" या वाक्याखाली माझी सही मिळणार नाही. पलीकडून बघतो म्हणाले. अजून उत्तर नाही.

आज दुपारी काकांना फोन केला, तिकीट माझं मी काढीन, फक्त पाऊस लागला की कळवा. ते म्हणाले रातचं यावं लागंल, आनि बॅटरी चांगली आना, त्या नव्या पाइपाशी मी उभा राहीन.